हाकेची राणी

परीवालीची काम करायची एक रीत होती. पऱ्यांच्या एखाद्या राजाचा कायदा लिहायचा झाला, की तो आधी स्वतःच्या घरात चालवून बघायचा. कायदा कुठे बोचतो ते कागदावर कळत नाही, सकाळी दात घासताना कळतं, असं तिचं म्हणणं. ऑफिसातले लोक हसायचे. हसू देत बापडे. तिच्याइतके खरे वाटणारे राजे त्या धंद्यात दुसऱ्या कोणाला जमत नव्हते, आणि हसणारेच खेळाच्या चाचणीला बसले की रुमाल काढून घाम पुसायचे.

धंदा खेळ बनवण्याचा. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं, एकाने सूत्रधार होऊन गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी वाटसरू होऊन त्या गोष्टीत शिरायचं, आणि अडलं की फासे टाकायचे. त्यासाठी जाडजूड पुस्तकं लागतात. मुलूख कसला, तिथे राहतं कोण, राज्य कोणाचं, कोणासमोर काय बोललेलं चालत नाही, हे सगळं कोणीतरी बसून ठरवावं लागतं. यंदाचं पुस्तक परीलोकाचं होतं आणि ते ठरवणारी ही बाई. वर्षभर तिने दुसरं काही केलं नाही, म्हणून तिचं नाव परीवाली पडलं.

परी म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांपुढे पंख आणि चांदणीची कांडी येते, त्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये. हिच्या पऱ्या कायद्याने वागत आणि तो कायदा माणसाच्या सोयीचा नसे. शेवाळाच्या दरबारात सगळ्यात जास्त वेळ गप्प बसेल तो राजा. त्यामुळे तिथला राजा कोणाला हुकूमच देत नाही आणि राज्य मजेत चालतं. तळ्याच्या राजाला 'थँक्यू' म्हणालात की संपलं, त्याची भांडी घासत बसा. काजव्यांकडे रोज संध्याकाळी आधी उजळेल तो राजा, आणि पहाटे त्याचं राज्य त्याच्यासकट विझतं. तिथल्या म्हाताऱ्यांना शेकडो राजे बघितल्याचा केवढा तोरा!

हे सगळे कायदे घरी चालले. घर म्हणजे दोन खोल्या, परीवाली आणि तिची सात वर्षांची मुलगी. पोरगी एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. बाप दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरी राहायला गेला होता आणि त्याविषयी घरात बोलणं निघत नसे. पोरीसमोर डोळ्यांत पाणी आणायचं नाही, असं परीवालीने तेव्हाच ठरवलं होतं. फारच भरून आलं तर न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडायचा, की काम झालं.

भिंगरीला ही राज्यं भारी आवडायची. तळ्याच्या राजाच्या आठवड्यात चुकून थँक्यू म्हणाली, तर राज्य संपेपर्यंत तिने तोंड वाकडं न करता आईचे कप विसळले. राज्य संपायचं ते आईने टाळी वाजवून 'राज्य खालसा!' म्हटलं की. एक कायदा मात्र कुठल्याच राजाने केलेला नव्हता आणि तो बारा महिने चालायचा. परीवालीला धुळीचं वावडं होतं. जुन्या पुस्तकाचं पान उलटलं तरी शिंका, आणि त्या नेहमी तीन. पहिल्या दोन पाठोपाठ यायच्या, तिसरी जरा विचार करून. तेवढ्यात भिंगरी बोट वर करून सांगायची, "अजून एक राहिली." ती येऊन जाईपर्यंत दोघींपैकी कोणी दुसरं काही बोलायचं नाही.

मग आली हाकेची राणी.

हिला चेहरा नाही. हिला फक्त आवाज आहे आणि तोही उसना. ओळखीच्या माणसाच्या आवाजात ती हाक मारते. तुम्ही ओ दिलीत की ती ओ तिची, आणि ओच्या पाठोपाठ तुम्हीही तिचे. म्हणून तिच्या मुलखातली प्रजा मुकी राहते. कोणी घसा फोडून हाका मारो, ओ द्यायची नाही. कोणी ठोठावलं तर उलट ठोकायचं नाही. लपायला जाताना एक बूट उंबरठ्यावर काढून ठेवायचा, म्हणजे माणूस आत आहे की निघून गेलं याचा राणीला पत्ता लागत नाही. आणि डोळ्यांनी दिसल्याशिवाय कोणावर विश्वास ठेवायचा नाही, मग तो आवाज प्रत्यक्ष आईचा का असेना.

'आईचा का असेना' हे लिहून परीवालीने खुर्ची मागे सरकवली आणि स्वतःवरच खूश होऊन चहा केला.

राणीचं राज्य घरी सुरू झालं. आईने स्वयंपाकघरातून "भिंगरी, जेवायला चल" म्हटलं, की ओ नाही, चाहूल नाही. थोड्या वेळाने दाराच्या कडेला फक्त एक डोळा दिसायचा. आई खरीच आहे हे त्या डोळ्याने बघून घेतलं, की मग पोरगी पुढे यायची. एकदा जेवताना ती म्हणाली, "आई, राणीने तुझ्या आवाजात 'राज्य खालसा' म्हटलं तर?"

परीवालीचा घास हातातच राहिला. "काय डोकं आहे गं तुझं!" ती उठली आणि उष्ट्या हाताने ते पुस्तकात घातलं: राज्य संपल्याची घोषणा राणीही करू शकते, सबब त्या घोषणेवरही विश्वास ठेवू नये. पोरीची मान अभिमानाने ताठ झाली.

दुसऱ्या दिवशी ती आईच्या बाहीला लोंबकळली. "आई, ऐक ना. राणीला काय जमत नाही ते मला सापडलं."

"हं."

"सांगू?"

"हं."

भिंगरीने सांगितलं. परीवाली तेव्हा राणीच्या महालाला दारं किती ठेवावीत या विवंचनेत होती. "छान," ती म्हणाली आणि एक दार खोडलं.

ऑफिसात या राणीवरून वाद झाला. संपादक गृहस्थ मोठे सावध, वाक्याची सुरुवात 'असं बघा'ने केल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नसे. "असं बघा, चाचणीला बसलेली मंडळी घाबरली, उत्तम. पण हिला हरवायचं कसं? प्रत्येक राजाच्या भिंतीला एक फट ठेवायची, हा आपल्या कामाचा पहिला नियम. शोधूनही वाट सापडत नसेल तर तो खेळ राहत नाही, सापळा होतो."

"फट ठेवली की भीती गळून जाते, सर," परीवाली म्हणाली. "हिला फट नाही. हीच तर गंमत आहे."

"असं बघा, एकदा विचार करा."

"केलाय."

केला नव्हता. पण शहाण्याला सांगणार कोण!

पुस्तक छपाईला द्यायच्या दिवशी दुपारी भिंगरी नेहमीप्रमाणे शाळेतून थेट ऑफिसात आली. ऑफिस वरच्या मजल्यावर, खाली छापखाना आणि त्याला लागून रद्दीचं गोदाम. न खपलेली पुस्तकं, जुनी पाठ्यपुस्तकं, सगळ्यांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे तिथे छतापर्यंत रचलेले असत. तिथे पोरांनी पाऊल टाकायचं नाही, ही सक्त ताकीद होती. परीवाली तर धुळीपायी त्या दारावरून जातानाही नाकाला पदर लावायची.

"आई, माझ्याशी खेळ ना."

"आत्ता नाही गं. जा, राणीपासून लप बघू. मला एवढं पान संपवू दे."

पोरीचे डोळे चमकले. "राज्य अजून चालू आहे?"

"चालू आहे, चालू आहे," परीवाली पानावरून नजर न काढता म्हणाली, आणि भिंगरी पळाली.

मध्येच कधीतरी खालून धप्प असा आवाज आला. टेबलावरचे फासे जरासे हलले. "आजोबांनी गठ्ठे टाकलेले दिसतात," संपादक म्हणाले आणि स्वल्पविराम तपासत राहिले. आजोबा म्हणजे गोदाम सांभाळणारे, आणि ते तेव्हा समोरच्या टपरीवर चहा पीत होते. पण हे वर बसलेल्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

पान संपलं. परीवालीने आळस दिला आणि हाक मारली, "भिंगरी! चल, निघायचं."

ओ आली नाही. ती गालातल्या गालात हसली. पोरगी कायद्याची पक्की. तिने जिना पाहिला, बाथरूम पाहिलं, कपाटांच्या मागे पाहिलं. मग तिचं हसू थांबलं आणि ती जरा रागावली. मग गच्चीवर जाऊन आली. गच्चीवरून उतरताना तिच्या लक्षात आलं की आपण पायऱ्या पळत उतरतोय.

सगळे शोधायला लागले. संपादक फाटकापाशी गेले, चित्रं काढणारी मुलगी शेजारच्या दुकानांतून विचारत फिरली. जो तो एकच करत होता. "भिंगरी! ए भिंगरी! बाळा, ओ दे!" रस्त्यावरची अनोळखी माणसंसुद्धा हाका मारू लागली. एका पोरीच्या नावाने सगळी इमारत दुमदुमली, आणि ओ काही येईना.

बूट चित्रकार मुलीला दिसला. "ताई," ती खालूनच ओरडली, आणि परीवाली खाली धावली.

गोदामाच्या उंबरठ्यावर एक छोटा बूट ठेवलेला होता. नीट, नाक बाहेर करून, मोजा आत खोचून. पडलेला नव्हता, हरवलेला नव्हता. कायद्याप्रमाणे ठेवलेला होता. आणि दारापलीकडे, जिथे गठ्ठ्यांच्या दोन भिंतींमधून आत जायची वाट असायची, तिथे वाट नव्हती. डावीकडची थप्पी कोसळून उजवीकडच्या थप्पीवर रेलली होती, आणि मध्ये पुरुषभर उंचीचा पुस्तकांचा ढीग झाला होता. धूळ अजून हवेत तरंगत होती.

परीवाली त्या ढिगावर झेपावली. टपरीवरून धावत आलेल्या आजोबांनी तिला दंडाला धरून मागे खेचलं. "हात लावू नका, बाई! वर बघा." तिने वर बघितलं. छताजवळचे गठ्ठे एकमेकांच्या आधाराने कसेबसे टेकलेले होते, आणि मधूनच एखादी सुतळी करकरत होती. "चुकीच्या बाजूने एक गठ्ठा ओढला, तर वरचं सगळं खाली येईल. ती ज्या बाजूला असेल तिच्या उलट बाजूने काढायला हवं. पोर कुठे आहे ते आधी कळायला पाहिजे."

"अग्निशमनवाले निघालेत," संपादक म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वाटेत आहेत."

"भिंगरी!" परीवालीने ढिगाशी तोंड नेऊन हाक मारली. "बाळा, मी आहे. आई. ओ दे, सोन्या. खेळ संपला. राज्य खालसा! ऐकलंस ना? राज्य खालसा!" तिने टाळी वाजवली. टाळी त्या कागदांत जिरून गेली.

आणि मग तिला कळलं. पोरगी आत असेल, धड असेल, शुद्धीत असेल, तर ती ऐकतेय. ऐकतेय आणि तोंडावर हात घट्ट धरून बसली आहे. जितक्या जास्त हाका, तितकी ती जास्त गप्प. हाका मारणारी ही सगळी माणसं तिच्या लेखी राणी आहे, आणि सगळ्यात मोठी राणी ही, जी आईच्या आवाजात बोलतेय. राज्य खालसा म्हटलेलंही खोटं, हे तिनेच शोधून दिलं होतं आणि तिच्या आईने उष्ट्या हाताने लिहून ठेवलं होतं.

आणि तशी नसेल तर? त्या ढिगाखाली गप्प बसलेली मुलगी आणि त्या ढिगाखाली मेलेली मुलगी, दोन्हींची शांतता अगदी सारखीच होती. हा विचार आला आणि परीवालीच्या तोंडून जो आवाज निघाला, तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. ती तिथेच उंबरठ्यावर बसली आणि बुटावर डोकं टेकून रडली. नळ नव्हता, आडोसा नव्हता, चार लोक बघत होते, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

आजोबांनी कोणालातरी कंदिलासारखा मोठा दिवा आणायला पिटाळलं. स्वतः ढिगाभोवती वाकून वाकून बघत होते. "बूट डावीकडे आहे," ते म्हणाले, "म्हणजे डाव्या अंगाला शिरली असणार. आपण उजवीकडून काढायला घेऊ." पण आवाजात जोर नव्हता. बूट कुठे काढला यावरून माणूस कुठे बसलं ते कसं कळणार, हे त्यांनाही कळत होतं.

"थांबा," परीवाली म्हणाली. "सगळ्यांनी हाका थांबवा. रस्त्यावरच्यांनाही गप्प करा. एक शब्द नको."

"असं बघा..." संपादक म्हणाले.

"ती तुम्हाला घाबरतेय, सर. मला घाबरतेय."

संपादकांना ते उमगायला एक क्षण लागला. मग ते तोंडावर बोट ठेवून बाहेर पळाले. हळूहळू आवाज थांबले. गोदामात फक्त सुतळ्यांची करकर राहिली.

फट. प्रत्येक राजाच्या भिंतीला एक फट. परीवाली आता तीच शोधत होती, आणि ती तिने स्वतःच्या हातांनी बुजवलेली होती. चेहरा दाखवता येत नव्हता, ढीग मध्ये होता. टकटक करता येत नव्हती, राणीही टकटक करते. दोघींचं एखादं गुपित सांगावं, तर राणीला सगळी गुपितं ठाऊक असतात. महालाच्या दारांच्या पानावरच तसं लिहिलं होतं. काय बाई हौस होती तुला, ती मनात स्वतःला म्हणाली. जरा कमी हुशार असतीस तर काय बिघडलं असतं?

आणि मग ती बाहीला लोंबकळलेली भिंगरी तिच्या डोळ्यांपुढे आली. राणीला काय जमत नाही ते मला सापडलं. सांगू?

सापडलं होतं! पोरीला फट सापडली होती, तिने ती आईला सांगितली होती, आणि आईने 'छान' म्हटलं होतं. काय होती ती? परीवालीने डोळे गच्च मिटले. पोरीचा चेहरा दिसत होता, ओठ हलताना दिसत होते, दुधाचा दात पडलेली खिंड दिसत होती. शब्द येत नव्हते. तिने ऐकलेच नव्हते तर येणार कुठून? दारं किती होती ते मात्र लख्ख आठवत होतं. तिला स्वतःचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

वरून एक गठ्ठा घसरला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर आदळला. धुळीचा लोट उठला. तिच्या नाकात हुळहुळलं. "खोकूसुद्धा नका," आजोबा कुजबुजले, आणि तिने नाक चिमटीत घट्ट धरलं. शिंक माघारी गेली.

नाक धरलेल्या अवस्थेतच ती ताठ झाली. भिंगरीचं बोट. ते बोट बोलताना वर होतं. ती नेहमी वर करते तसं. 'आई, परीच्या नाकात धूळ जातच नाही. म्हणून राणीला...'

"शिंक," परीवाली म्हणाली. "राणीला शिंकता येत नाही."

चित्रकार मुलीला वाटलं, ताईंना वेड लागलं. परीवालीने चिमूट सोडली आणि वाट बघितली. शिंक नाही. जन्मभर जिने छळलं, भर सभेत, परीक्षेच्या हॉलमध्ये, स्वतःच्या लग्नात, ती नेमकी आज दडी मारून बसली. तिने खाली वाकून धुळीची मूठ भरली आणि नाकाशी नेऊन ओढून घेतली. डोळ्यांतून पाणी आलं, घसा खरवडला, शिंक नाही. समोर एक गठ्ठा फुटला होता आणि त्यातून तिचंच एक जुनं न खपलेलं पुस्तक बाहेर आलं होतं. तिने त्याचं पान फाडलं, कोपऱ्याची वात वळली आणि नाकात सारली.

पहिली शिंक आली ती अशी, की आजोबांनी भीतीने वर बघितलं. पाठोपाठ दुसरी. वरच्या थप्पीतून थोडी माती सांडली.

परीवाली वाट बघत राहिली. तिसरी नेहमी विचार करून येते, ती येईल. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, हात हवेत, अशी ती उभी राहिली आणि तिसरी आली नाही. आता पुन्हा वात घालावी तर ती बोटांत चुरगळून गेली होती. संपादक दारात दगडासारखे उभे होते. आता ओ आली नाही तर पुढे काय, हे तिला माहीत होतं, आणि ते माहीत असणंच इतकं भयंकर होतं की तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

ढिगाच्या पोटातून, अगदी बारीक, धुळीने बसलेला आवाज आला.

"अजून एक राहिली."

उजवीकडून. सगळ्यांना उजवीकडूनच ऐकू आलं. जिथून ते गठ्ठे काढायला सुरुवात करणार होते, बरोबर तिथून. आजोबा मटकन खाली बसले आणि लगेच उठले. "डावीकडून घ्या," ते म्हणाले, "हळू, एकेक. उजवीकडच्याला कोणी बोट लावू नका." साखळी लागली. संपादक, छापखान्यातली माणसं, रस्त्यावरचे दोघे-तिघे. गठ्ठे हातोहात बाहेर जाऊ लागले. परीवाली ढिगाला चिकटून बसली आणि बोलत राहिली. काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. आतून भिंगरी ओ देत होती. प्रत्येक हाकेला, एकही न चुकवता.

आत एक जुनं लोखंडी टेबल भिंतीशी टेकून होतं. कोसळलेली थप्पी त्यावर अडली होती आणि त्याखाली ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. भोक पुरेसं मोठं झाल्यावर आधी एक डोळा दिसला. त्या डोळ्याने आईला वरून खालपर्यंत बघून घेतलं. मग दोन हात पुढे आले.

पोरगी बाहेर आली ती पिठाच्या डब्यात पडल्यासारखी पांढरी. कोपर खरचटलं होतं, बाकी धड होती. परीवालीने तिला छातीशी धरलं, आणि तिच्या केसांतली धूळ नाकात जाऊन तिसरी शिंक आली. "झाल्या," भिंगरी म्हणाली आणि मग पहिल्यांदाच रडायला लागली.

अग्निशमनवाले आले, त्यांनी उरलेली थप्पी पाहून आजोबांना चार शब्द सुनावले, डॉक्टरांनी कोपराला पट्टी केली. बाहेर उजेड कमी होत आला होता. दोघी इमारतीच्या पायरीवर बसल्या होत्या. संपादक पाण्याचा पेला ठेवून गेले. परीवालीने पोरीच्या पायात बूट चढवला.

"राज्य खालसा," ती म्हणाली. "आता बघ माझ्याकडे. डोळ्यांनी बघ. मीच आहे ना? राज्य खालसा. कायमचं."

"हो," भिंगरी म्हणाली. पाणी प्यायली. पेल्याच्या कडेवरून आईकडे बघत राहिली. "आई, मी सगळं ऐकत होते."

"माहितीये मला."

"तू हाका मारल्यास. मग टाळी वाजवलीस. मग रडलीस."

"हो."

"तेव्हा मी खूप घाबरले. म्हटलं, राणीला हे पण येतं." तिने पेला खाली ठेवला. "हाका काय, कोणी पण मारेल. पण ती अगदी तुझ्यासारखी रडत होती. तू नळ सोडून रडतेस ना, तश्शी."